रात्रीचा चोर, दिवसाचा चोर

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली होती. रात्री घरात चोर शिरला, घरमालकानं हत्यार चालवलं, चोर मेला. गुन्हेगार कोण? चिठ्ठी दोन ओळींची होती, पण या प्रश्नाचं वय अडीच हजार वर्षांच्या आसपास आहे. म्हणून आज आपण तोच विषय घेतला.

सुरुवात रोमपासून करू. इसवी सनापूर्वी 450 च्या सुमारास रोमनांनी बारा पाट्यांचा कायदा केला. रात्री चोरी करणाऱ्याला ठार केलं तर तो वध कायदेशीर, असं त्यात म्हटलं होतं. दिवसाच्या चोराला मात्र त्यानं शस्त्रानं प्रतिकार केला तरच मारता येई. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात हीच वाटणी आहे. घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला तर रक्तपाताचा दोष नाही. सूर्य उगवला असेल तर दोष आहे.

आता गंमत बघा. चोर तोच आणि ऐवजही तोच. मग सूर्य उगवल्यानं न्याय का बदलावा? कारण दिवसा माणूस दिसतो. त्याच्या हातात काय आहे ते कळतं, हाक मारली तर शेजारी धावतात, ओळख पटली तर उद्या पंचांपुढे उभं करता येतं. अंधारात यातलं काहीच नसतं. आलेला माणूस भांडी न्यायला आला की गळा चिरायला, हे ठरवायला घरातल्याजवळ वेळ नसतो. म्हणजे कायद्यानं सवलत दिली ती ऐवजाच्या किमतीला नव्हे, घरातल्यांच्या भीतीला दिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडे धर्मशास्त्रात 'आततायी' ही कल्पना आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन, जमीन किंवा स्त्री हरण करणारा, हे सगळे आततायी. चालून येणाऱ्या आततायीला विचार न करता मारावं, मग तो गुरू का असेना, इतकं स्पष्ट मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. पण हे वचन शब्दशः घ्यायचं का, यावर भाष्यकारांनी पुष्कळ खल केला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या विज्ञानेश्वरांनी मिताक्षरेत तो प्रश्न घेतला आहे. म्हणजे मारण्याची मोकळीक देऊन आपली परंपरा स्वस्थ बसली नाही, तिला ती मोकळीक टोचत राहिली.

आता आधुनिक कायद्याकडे येऊ. मेकॉलेच्या आयोगानं 1837 मध्ये दंड संहितेचा मसुदा दिला. त्यात त्यांची तक्रार अशी की, इथली माणसं दरोडेखोरांपुढे फार निमूट राहतात. त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत यावी म्हणून बचावाच्या हक्कावर फार बंधनं नकोत. संहिता 1860 मध्ये मंजूर झाली, 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. कलम 96 ते 106 मध्ये खासगी बचावाचा हक्क आला. आणि 1878 मध्ये त्याच राज्यकर्त्यांनी शस्त्र कायदा करून सामान्य भारतीयाला परवान्याविना शस्त्र बाळगायला बंदी केली. प्रतिकार करा म्हणणारे तेच, आणि हातातलं शस्त्र काढून घेणारेही तेच!

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची कलमं 34 ते 44 म्हणजे जवळपास तोच जुना साचा. मालमत्तेच्या बचावात प्राण घेण्यापर्यंत हक्क केव्हा जातो, ते कलम 41 सांगतं. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण. रोमची रात्र अजून आपल्या कायद्यात आहे, ती अशी.

पण या हक्काला कुंपण आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. पोलिसांची मदत घ्यायला अवसर असेल तर हा हक्क नाही. घरफोड्या घरात आहे तोवरच घरफोडीविरुद्धचा हक्क आहे. रिकाम्या हातानं कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर तिथं बचाव संपला आणि सूड सुरू झाला. सद्भावनेनं, आधी न ठरवता मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. सुटका मात्र नाही. परवान्याविना शस्त्र बाळगलं असेल, तर तो हिशेब वेगळा.

मग घाबरलेल्या माणसानं तराजू घेऊन बसायचं का? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं 1952 मध्ये दिलं. कटनीला 1950 च्या मार्चमध्ये दंगल झाली. जमावानं शेजारचं दुकान लुटलं आणि एका दुकानदाराच्या दारावर लाठ्या आपटायला सुरुवात केली. आत त्याचं कुटुंब होतं. त्यानं गोळी झाडली, एक माणूस मेला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला आणि तो निर्दोष सुटला. सूत्र असं : दार फुटेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही, आणि अशा क्षणाचा बचाव फार बारीक काट्यानं तोलता येत नाही.

इथं आपण सुरुवातीच्या मुद्द्याशी परत येतो. हक्काचं मूळ भीतीत आहे. पण कायदा म्हणतो, भीती 'वाजवी' हवी. आणि खरी अडचण इथंच आहे. आपल्याला कोणाची भीती वाटते, हे नेहमी आपण स्वतः ठरवतो का? 1871 मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. तो 1952 मध्ये गेला, मनातून गेला नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भरदिवसा. ते कोणाच्या घरात शिरले नव्हते. तिथं बचावाचा हक्क नव्हताच. होती ती शिकवलेली भीती.

तेव्हा चिठ्ठीचं उत्तर असं. रात्री घर फोडून आत आलेल्यावर, दुसरा इलाज नसताना, गरजेपुरतं हत्यार चालवणारा गुन्हेगार नाही. मात्र ते पटवण्याचा भार त्याच्यावर आहे. संशयातीत पुराव्यानं नव्हे, संभाव्यतेच्या बळावर. आणि कोर्टाच्या आधी एक प्रश्न त्यानं, खरं तर आपण सगळ्यांनीच, स्वतःला विचारायचा : मला धोका दिसला, की फक्त अनोळखी माणूस दिसला? दिवसाउजेडी शांतपणे या प्रश्नाची सवय केली, तरच अंधारात तो आठवेल.