ब्रेक ऑइलमधलं एरंडेल

माझ्या मित्राकडे 1964ची एमजीबी आहे, उघड्या टपाची, दोन सीटांची इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्या ब्रेकमधली एअर काढायचं आमचं एरंडाचं गुऱ्हाळ तीन रविवार चाललं होतं. तो पाना घेऊन चाकापाशी, मी सीटवर. ‘दाब... धरून ठेव... सोड.’ निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी बुडबुडे यायचे, मग येईनासे व्हायचे, आणि निपल बंद करून चार-पाचदा दाबलं की पेडल दगडासारखं घट्ट. गाडी ढकलायला जावं तर चाकं जाम!

कॅलिपरचं निपल सैल केलं की चाक सुटायचं. पण तेवढ्याने काही ठरत नाही, कारण होज पाइप आतून फुगला असला तरी तसंच होतं. म्हणून थेट मास्टर सिलिंडरपाशी पाइपाचा नट अर्धा आटा ढिला केला. फुस्सकन थेंब उडाले आणि चाकं मोकळी झाली. म्हणजे दोष वरच होता. सिलिंडर उघडला तर आतला रबरी कप रात्रभर भिजवलेल्या वाटाण्यासारखा टम्म फुगलेला. टाकीकडे परत जाणारं सुईएवढं भोक त्याने झाकून टाकलं होतं, त्यामुळे पेडल सोडल्यावर आतला दाब उतरायला वाटच नव्हती. काढलेलं द्रव मी पाण्याच्या पेल्यात ओतलं. ब्रेकचं द्रव पाण्यात मिसळून जातं. इथे निम्मं मिसळलं, उरलेल्याचा तेलकट तवंग वर आला. कधीतरी कुणीतरी त्या टाकीत खरोखरीचं ऑइल घातलं होतं.

का घालणार नाही? आपण त्याला ब्रेक ऑइलच म्हणतो. आजच्या डॉट-3, डॉट-4च्या डब्यात तेलाचा थेंब नसतो. असतात ती ग्लायकॉल ईथर नावाची रसायनं. डब्यावर ‘ब्रेक फ्लुइड’ लिहिलेलं असतं आणि काउंटरवर आपण ऑइल मागतो. हे ऑइल आलं कुठून?

त्या रात्री जुन्या इंग्लिश गाड्यांविषयी वाचत बसलो असताना एक ओळ सापडली आणि मी उठून उभाच राहिलो. हायड्रॉलिक ब्रेकच्या सुरुवातीच्या काही दशकांत त्या नळ्यांमधून मुख्यतः एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण फिरत होतं. एरंडेल! लहानपणी नाक दाबून घशात ओतलं जायचं ते.

ब्रेकचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक काढले, 1921च्या ड्यूसेनबर्गमध्ये ते चारही चाकांना आले, 1924मध्ये क्रायस्लरने ते सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेले. विमानांची लॉकहीड कंपनी त्याच्या भावाची. हे एवढं पुरे. मला रस आहे तो नळीच्या आत काय होतं यात.

गळती थांबवायला रबर लागतं, आणि तेव्हाचं रबर म्हणजे झाडाच्या चिकाचं. खनिज तेल आणि रबर रसायनाच्या दृष्टीने एकाच गोत्रातले. म्हणून तेल रबरात शिरतं आणि रबर फुगतं. एरंडेल मात्र निराळं. त्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा आणि त्या आम्लाला पाण्या-अल्कोहोलशी सलगी करणारा एक हात असतो. म्हणून इतर खाद्यतेलांसारखं ते अल्कोहोलपासून वेगळं राहत नाही, त्यात मिसळतं, आणि रबराला फारसं छेडत नाही. वंगणाला एरंडेल, ते पातळ राहावं म्हणून अल्कोहोल. आपल्याकडे बैलगाडीच्या कण्याला एरंडेल लावत ते चाक फिरावं म्हणून. इथे तेच चाक थांबवायला कामी आलं. 1955च्या सित्रोएन डीएसमध्येसुद्धा आधी वनस्पतीजन्य लाल द्रव होतं. 1966मध्ये हिरवं खनिज तेल आलं तेव्हा सगळे सीलही वेगळ्या रबराचे करावे लागले.

तर माझं म्हणणं असं की ‘ब्रेक ऑइल’ हा त्या एरंडेलाचा अवशेष आहे. द्रव बदललं, नाव राहिलं.

यावर आमच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक हसले. त्यांचं मत सरळ आहे: गाडीत जे ओतायचं ते ऑइल. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, तसंच ब्रेक ऑइल. इंग्रज तर पहिल्यापासून फ्लुइड म्हणत आलेत, मग ऑइल आणलं कुणी?

आक्षेप वजनदार आहे, पण मला पटत नाही. ओतलं ते सगळं ऑइल असतं, तर बॅटरीत आपण ‘बॅटरीचं पाणी’ घातलं नसतं आणि रेडिएटरमध्ये कूलंट. इंजिन आणि गिअरमध्ये खरंच तेल असतं. गॅरेजची भाषा आत काय आहे ते नेमकं ओळखून नाव देते. ‘क्लच ऑइल’चं उदाहरण कुणी देईल तर ते बाद, कारण तिथे ब्रेकचंच द्रव जातं. इटालियन लोकही ‘ओलिओ फ्रेनी’ म्हणजे ब्रेकचं तेलच म्हणतात. इंग्रजाने डब्यावर काहीही छापलं असेल. आपल्या गॅरेजमधल्या माणसाने झाकण उघडलं, वास घेतला, दोन बोटांत चोळून पाहिलं. एरंडेल ओळखायला त्याला लेबल कशाला लागतं?

ड्यूसेनबर्गच्या 1921च्या शर्यतीच्या गाडीत मात्र ग्लिसरिन मिसळलेलं पाणी होतं, एरंडेल नव्हे. म्हणजे पहिला मान एरंडेलाचा नाही. पण भारतातल्या गॅरेजांत हायड्रॉलिक ब्रेक रुळले तोवर एरंडेलाचंच राज्य होतं, आणि नाव तेव्हा पडलं असणार.

एरंडेल गेलं ते उष्णतेमुळे. डिस्क ब्रेक तापतात, अल्कोहोल लवकर उकळतं, वाफ झाली की पेडल थेट तळाला. कोऱ्या डॉट-4चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश. पण ते हवेतलं पाणी पितं आणि पाणी मुरलं की ही हमी 155वर येते. म्हणून ठेवणीतल्या गाडीचंसुद्धा दर दोन वर्षांनी बदलायचं.

आम्ही सगळी रबरं नवी घातली, नळ्या स्पिरिटने धुतल्या, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. चाळीस मिनिटांत पेडल वर आलं, आणि पाय काढला की चाकं सुटू लागली.

तरी मनाची खात्री हवी होती. औषधाच्या दुकानातून एरंडेलाची बाटली आणली. दोन वाट्या खिडकीत मांडल्या, एकीत एरंडेल, दुसरीत इंजिन ऑइल, आणि प्रत्येकीत एक साधा रबर बँड. आठ दिवसांनी काढले. इंजिन ऑइलमधला सुजून लांब झाला होता, बोटाने ताणताच मधोमध तुटला. एरंडेलातला पुसला आणि रद्दीच्या गुंडाळीला लावला. अजून तिथेच आहे.