गादी सोडणारा मुलगा

दुकानाच्या पाटीवर ‘आणि सन्स’ लिहिलेलं आपण नेहमी वाचतो. ‘आणि डॉटर्स’ मात्र क्वचितच दिसतं. परगावाहून पोट भरायला आलेल्या घरात तर मुलगा म्हणजेच धंद्याचा पुढचा मालक. आज आपण अशाच एका मुलाची गोष्ट ऐकू.

आपल्या फलटणच्या पेठेत गुजराती जैन व्यापाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बोली घरात गुजराती, दुकानात मराठी. अशाच समाजातलं, मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचं दोशी घराणं सोलापुरात स्थिरावलं. हिराचंद नेमचंद यांची सावकारी होती, कापसाचा व्यापार होता. १८८२ साली त्यांच्या घरी वालचंद जन्मले.

रीत म्हणजे मुलानं गादीवर बसायचं, वह्या सांभाळायच्या. वालचंद काही दिवस बसलेही, पण त्यांचं मन त्यात रमेना. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे घरची पत. पुढं भोर घाटातले बोगदे त्यांच्या कंपनीनं खोदले. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं, त्या कंपनीच्या उभारणीत ते पुढं होते. आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, तोही त्यांच्याच पुढाकारानं. आणि आपल्याजवळचं, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर तर उसाच्या गाड्यांमुळं आपल्याला ठाऊकच आहे. १९५३ साली ते वारले.

आता गोष्टीतली मेख बघू. आपण म्हणतो, पोरानं बापाचा धंदा सोडला आणि नाव काढलं. पण धंदा सोडला तरी घराचा आधार सुटला नव्हता. ठेकेदारीत आधी पैसा घालावा लागतो, बिल मागाहून मिळतं. मधले महिने ज्याच्यामागं पत आहे, तोच तग धरतो. फाटकांसारखी जाण असलेले कितीतरी जण पैशाअभावी कारकूनच राहिले असतील.

आपल्या गटात हेच रोज दिसतं. मुलानं टेम्पो मागितला की घर गहाण ठेवतो. मुलीनं शिवणयंत्र मागितलं की म्हणतो, लग्न झालं की बघू. मुलगी हिशेबात हुशार असली, तरी दुकानाची चावी धाकट्या भावाकडं जाते.

तेव्हा पुढच्या बैठकीत कर्जाचे अर्ज समोर आले, की एक विचारू या: आपल्या घरची पत आपण आजवर कुणाकुणाच्या पाठीशी उभी केली, आणि कुणाच्या केलीच नाही?