माया किती सोडली आहे?

मुलुंडच्या एका प्रदर्शनात दिवाळीआधी मी एक कुर्ता घेतला. सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग, करवंटीची बटणं आणि गळ्याशी सुतळीनं बांधलेला जाड तपकिरी कागद. त्यावर छापलं होतं, ‘मायेनं शिवलेलं’. किंमत इथे सांगत नाही. घरीही खरी सांगितलेली नाही. चौथ्या धुण्याला तो काखेत उसवला. घाटकोपर स्टेशनजवळ अल्टरेशनचं मशीन टाकून बसणाऱ्या काकांकडे नेला, तर त्यांनी तो उलटा केला, शिवण दोन बोटांत धरून उजेडाकडे ताणली आणि म्हणाले, “ताई, ह्याला माया कुठं सोडलीय? दोन सूतसुद्धा नाही. धरू कशाला?”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. ती असली की कपडा सैल करता येतो, उसवला तर पुन्हा शिवता येतो. ती कापली की एका कुर्त्यामागे चिमूटभर कापड वाचतं. हजार कुर्त्यांमागे मात्र बऱ्यापैकी.

अंधेरी-बोरिवलीपासून इकडे मुलुंडपर्यंत, बऱ्या पगाराच्या घरांत सध्या एक मत पक्कं झालं आहे. ते त्याच्या सगळ्यात चांगल्या रूपात मांडते, कारण दुबळा पूर्वपक्ष उभा करून पाडण्यात मर्दुमकी नाही. मत असं: चार धुण्यांत विटणारे स्वस्त कपडे कुणाच्या तरी घामावर आणि कुठल्या तरी नदीच्या जिवावर स्वस्त झालेले असतात. म्हणून चार पैसे जास्त मोजून सचोटीचा ब्रँड निवडावा. गिऱ्हाईक शहाणं झालं की बाजार आपोआप शहाणा होतो. यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसरं कुणी करत असेल तर खुशाल करावं. वाद तिसऱ्याशी आहे.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ न्यायशास्त्राची पहिली पायरी म्हणून अजून शिकवला जातो. कारणाचे तीन प्रकार सांगताना त्याने उदाहरण घेतलं आहे ते कापडाचंच. तंतू हे पटाचं समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी, आणि धोटा-माग वगैरे निमित्त कारण. आता या तिघांत कॉलरच्या पट्टीवरचं नाव कुठे बसवायचं? कापूस ब्रँडने पिकवलेला नसतो, वीण त्याची नसते, मशीनही बहुतेक वेळा त्याचं नसतं. सरकी एका गावी निघते, सूत दुसरीकडे, रंग तिसरीकडे, आणि कटिंग-शिलाई साकीनाक्याच्या नाहीतर तिरुपूरच्या एखाद्या गाळ्यात पीस रेटवर. नाव येतं सगळ्यांच्या शेवटी आणि बसतं सगळ्यांच्या पुढे.

प्रतिपक्षी म्हणेल, ऑर्डर कोण देतं? भाव कोण पाडतं, माल कधी हवा ते कोण बजावतं? ब्रँडच ना? मग तेच खरं निमित्त कारण. बरोबर आहे. हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तोच त्यांच्यावर उलटतो. कारागिराचं बरंवाईट ज्यावर ठरतं तो भाव आणि ती मुदत कागदी टॅगवर छापलेली मी अजून पाहिलेली नाही. तिथे हिरवं पान असतं, पाण्याचा थेंब असतो, चरख्यामागे हसणारी बाई असते.

मग प्रमाणपत्रं कशाला आहेत, असा पुढचा प्रश्न येतो. ऑगस्ट २०१२ मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारहिताचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला त्याला आग लागली. दारं बंद, खिडक्यांना गज; अडीचशेहून अधिक माणसं गेली. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाला मान्यता देणाऱ्या जीओटीएस या संस्थेनेच जाहीर केलं, की भारतातल्या तब्बल २०,००० टन ‘सेंद्रिय’ कापसाची कागदपत्रं बनावट होती. जवळचं उदाहरण हवं असेल तर फोर्टातलं खादी एम्पोरियम घ्या. ते १९५४ पासून चालत आलेलं. माझ्या आजोबांच्या पिढीला त्याहून सचोटीचं दुकान ठाऊक नव्हतं. खादी ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय आपल्या विलेपार्ल्यात आहे. एम्पोरियममध्ये खादीच्या नावावर भलताच माल विकला जातो, असं म्हणत २०२२ मध्ये त्या आयोगानेच ते चालवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र रद्द केलं. जिथे आयोगाची नजर चुकते, तिथे मी मोबाइलवर टॅग स्कॅन करून काय मोठा शोध लावणार आहे?

गिऱ्हाइकाच्या शहाणपणाची सगळ्यात मोठी परीक्षा या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. १९०५ च्या स्वदेशीच्या लाटेत लोकांनी विलायती कापडाची होळी केली आणि देशी धोतर नेसलं. त्याहून नैतिक खरेदी कल्पनेतही आणता येणार नाही. नेमक्या त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. मागणी वाढलेली, अंधाराची अडचण संपलेली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. नेसणाऱ्याचं मन स्वच्छ होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण धोतराच्या काठावरून आतल्या दिव्याचा उजेड दिसत नाही.

मग गिरणगावात त्याआधी जे बदललं होतं, ते कशाने? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जूनला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी मॉलमध्ये जातो ती सवड त्या सभेची आहे, कुठल्या ब्रँडची नव्हे. यातही एक गंमत आहे, आणि ती लपवली तर मीच टॅग छापल्यासारखं होईल. मुंबईच्या मजुरांचा सगळ्यात मोठा कळवळा त्या काळी लँकेशायरच्या गिरणीमालकांना आला होता, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना बोचत होतं. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी राष्ट्रीय वृत्तपत्रं त्यांनी मागितलेल्या कारखाना कायद्याच्या विरोधात उभी राहिली. कळवळ्यामागचा हेतू चोख नव्हता, तरी कायदा कामाला आला. हेतूपेक्षा बंधन टिकाऊ निघालं.

तारीख पुन्हा तीच, हा निव्वळ योगायोग: २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, १,१३४ माणसं दगावली. इथे प्रतिपक्ष हमखास सांगतो की जगभरच्या गिऱ्हाइकांनी आवाज उठवला म्हणूनच ब्रँड वठणीवर आले. खरंच आहे. पण त्या आवाजातून निघालं काय ते पाहा. पुढच्याच मे महिन्यात झालेल्या करारावर कामगार संघटनांच्याही सह्या होत्या आणि तो कायद्याने बांधणारा होता. म्हणजे माणसं तिथे दुकान बदलून थांबली नाहीत. ती करार मागायला गेली.

टॅगवरच्या पाण्याच्या थेंबाबद्दल थोडंसं. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात फिरतो. पण विदर्भातला कापूस बहुतांश कोरडवाहू, पावसावर येतो; कालव्याच्या पाण्याचा आणि पावसाचा हिशेब एका थेंबात कसा मांडायचा? तिथलं दुखणं वेगळं आहे. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं मेली. त्याचं चित्र कुठल्या टॅगवर असतं?

मग घ्यायचं काय आणि कुठून, हे मैत्रिणी मला विचारतातच. मी कपडा उलटा करून बघते, आणि घेतला तर टाकत नाही. जुन्याची आठवण काढून गळा काढायचा नाही, हेही सांगते. आमच्या लहानपणी दारात बोहारीण यायची. आई चार साड्या देऊन एक पातेलं घ्यायची आणि वर तासभर घासाघीस करायची. कापडाचं दुसरं आयुष्य त्या बाईच्या डोक्यावरच्या गाठोड्यातून सुरू व्हायचं, पण तिला आम्ही कधी पायरीच्या आत घेतलं नाही. आज तिच्याच धंद्याला इंग्रजी नाव देऊन स्टार्टअप निघतात, म्हणून तिचे श्रम मागाहून पवित्र होत नाहीत.

कुर्ता दोन दिवसांनी मिळाला. काकांनी खिशाच्या आतलं कापड काढून त्याचा चौकोनी तुकडा काखेत बसवला होता. “चौबगला घातलाय,” ते म्हणाले. “पूर्वी सदऱ्याला घालायचेच. आता हात वर करा, बघू.” मी तिथेच, फेरीवाले आणि रिक्षांच्या गर्दीत, कुर्ता साडीवरूनच चढवून हात वर केला. चाळीस रुपये झाले. पैसे देताना त्यांनी सहज विचारलं, केवढ्याला घेतलात? मी अर्धी किंमत सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा एकदा कुर्त्याकडे पाहिलं.