शक्तिमानचा पहाटेचा आजार

जुना ट्रक सकाळी सुरू होत नसेल तर दोष कुणाचा? फौजेत या प्रश्नाची तीन तयार उत्तरं असतात : थंडी, बॅटरी आणि ड्रायव्हर. लडाखमधल्या माझ्या पहिल्या पोस्टिंगला मी तिन्ही उत्तरं देऊन बसलो होतो. तिसऱ्या उत्तराची किंमत एका जवानानं मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

ट्रक होता शक्तिमान. आमच्या आधीच्या पिढ्यांनी फौजेतली निम्मी जिंदगी त्याच्या लाकडी बाकांवर काढली. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या परदेशी गाड्या होत्या. सुटे भाग मिळेनासे झाले की एक गाडी मोडून दुसरी चालवायची. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि 1959 मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान बाहेर पडला. 1962 नंतर मेनन गेले, यशवंतराव चव्हाण आले, पण ट्रक निघत राहिले. 1969 मध्ये जबलपूरलाच स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. पुढे स्टॅलियननं त्याची जागा घेतली, पण मी कमिशन घेऊन आलो तेव्हा दूरच्या युनिटांत काही म्हातारे शक्तिमान अजून ड्युटीवर होते.

या ट्रकचं कूळ मोठं. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं ते ऑग्सबर्गच्या कारखान्यात, आणि त्याच कारखान्यातून पुढे एम.ए.एन. झाली. म्हणजे जबलपूरच्या ट्रकची वंशावळ थेट मूळ पुरुषापर्यंत जाते. डिझेलची कल्पनाही साधी. ठिणगी नाही, प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि त्या तापलेल्या हवेत बारीक फवारा मारायचा. म्हणजे इंजिन सुरू व्हायला दोनच गोष्टी लागतात : पुरेशी तापलेली हवा आणि वेळेवर आलेलं डिझेल. सकाळची प्रत्येक तक्रार या दोन खात्यांपैकी एकात बसते. पण हे शहाणपण मला उशिरा आलं.

ऑक्टोबर संपत आला होता. पहाटे पाचला कॉन्व्हॉय निघायचा. नऊ गाड्या धुराचे लोट सोडत सुरू व्हायच्या आणि दहावी नुसती घरघरायची. वीस मिनिटं सेल्फ मारल्यावर, हातपंप मारल्यावर ती एकदाची उठायची आणि मग दिवसभर घाटात कुठेही कुरकुर नाही. दुपारी बंद करा, पहिल्या सेल्फला सुरू.

आम्ही बॅटऱ्या बदलल्या. फिल्टर बदलले. इंजेक्टर काढून वर्कशॉपला पाठवले, ते ठीक म्हणून परत आले. ड्रायव्हर साताऱ्याकडचा, अबोल गडी. कार डायरीत त्यानं तीनदा तक्रार लिहिली होती. एकदा मला म्हणालाही, "साहेब, थंडी न्हाई ही. उताराला तोंड करून लावली की बरी उठती." मला वाटलं, गडी धक्कास्टार्टची सोय बघतोय. त्यातच एकदा त्यानं जागा सोडून गाडी उतारावर लावलेली सापडली. मी त्याला कॉन्व्हॉयवरून काढलं आणि प्रमोशन कॅडरच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. सही माझीच होती.

आठवड्यानं लाइट एड डिटॅचमेंटचे एक जुने हवालदार आले. ई.एम.ई.चे, म्हणजे 'कर्म ही धर्म' वाले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पान्याला हात न लावता ते पहाटे गाडीच्या मागे, सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले. सेल्फ मारायला सांगितला. मग म्हणाले, "साहब, धुआँ कहाँ है?"

धूर नव्हताच. शेजारच्या नऊ गाड्यांतून सुरू होताना पांढरा धूर निघत होता. थंडीत, आणि लेहच्या उंचीवर जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशच असतो तिथे, दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. डिझेल आत येतं, पण नीट जळत नाही, आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. म्हणजे पांढरा धूर ही थंडीची सही. दाब कमी झालेल्या झिजल्या इंजिनाचीही तीच. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. आणि धूरच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलंच नाही. महिनाभर आम्ही ज्या थंडीला शिव्या देत होतो, तिची सही त्या गाडीवर नव्हती.

थंडीचा खरा इंधनाचा आजार वेगळा असतो. कडाक्यात डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टरवर साय धरतं. त्यात गाडी सुरू होते, थोडी चालते आणि मग दम तोडते. आणि एकाच टँकरचं डिझेल भरलेल्या सगळ्या गाड्यांना तो होतो. त्यासाठी पूर्वी ड्रायव्हर रात्री उठून उठून इंजिनं चालवत, काही बहाद्दर टाकीखाली शेकोटी पेटवत. उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल लडाखला 2019 मध्ये आलं. पण आमच्या दहापैकी एकच गाडी आजारी होती.

उस्तादांनी मग ड्रायव्हरला बोलावलं. आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं : गाडी कधी चांगली उठते? त्यानं खाली बघत तेच उताराचं सांगितलं. उस्ताद हसले. "बीमारी तो इसने पकड़ ली है, साहब."

टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं, ढकलून नाही. त्या ओढीच्या पाइपात बारीक चीर असेल तर डिझेल सहसा बाहेर गळत नाही. बाहेरची हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. गाडी चालू असताना बुडबुडे परतीच्या पाइपानं टाकीत जातात. रात्री गाडी थांबली की चिरेतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी पंपाच्या हाती हवा. डिझेल दाबलं की इंजेक्टर उघडतो. हवा दाबली की ती नुसती दबते, इंजेक्टर उघडतच नाही. गाडीचं तोंड उताराला असलं तर मात्र टाकी इंजिनापेक्षा वर राहते आणि डिझेल मागे पळत नाही.

खात्री करायची त्यांची रीत आजही कुठल्याही जुन्या डिझेल गाडीला लागू आहे. संध्याकाळी त्यांनी फीड पंपाचा येणारा पाइप सोडला, बॉनेटच्या उंचीवर जेरीकॅन बांधून त्यातून नळी जोडली, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला आणि गाडी सपाट जागी उभी केली. सकाळी पहिल्या सेल्फला पांढरा धूर निघाला आणि इंजिन उठलं. म्हणजे फीड पंपापासून पुढचं सगळं निर्दोष. दोष टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाइपात. चेसिसचा पाइप इंजिनाला मिळतो तिथल्या वीतभर रबरी नळीला क्लिपखाली चीर होती. दिवसा रबर नरम असताना ती मिटायची, रात्री कडक झालं की उघडायची. म्हणजे थंडीचा हात होता, पण आम्ही धरला होता तिथे नाही.

नळी बदलली. पाच मिनिटांचं काम.

दुसरं काम तितकं सोपं नव्हतं. मी ड्रायव्हरला बोलावून सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि पुढच्या कॅडरसाठी त्याचं नाव पाठवलं. तो गेला, पासही झाला; पण सहा महिने मागे पडला. फौजेत सहा महिन्यांची सीनियॉरिटी म्हणजे काय ते वाचणाऱ्यांतल्या माजी सैनिकांना सांगायला नको. त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, "साहेब, डायरीत लिवलं हुतं मी."

त्यानंतर जिथे जिथे पोस्टिंग झालं, तिथे चार्ज घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मी गाड्यांच्या डायऱ्या मागवतो आणि ड्रायव्हरच्या हातचं लिखाण आधी वाचतो.