टीव्हीच्या पाठीमागून

फुली म्हणजे हो, गोल म्हणजे मागे. एवढं शिकलं की रत्नागिरीतली कुठलीही आजी प्लेस्टेशनवर यूट्यूब उघडून कीर्तन लावू शकते. डबा आणलेला असतो नातवाच्या फुटबॉलसाठी. रात्री जेवणं आटोपली की त्याच्यावर गोल कमी आणि सिनेमेच जास्त होतात. यात नवल काही नाही. या डब्याचं कूळच असं, एका निमित्ताने घरात शिरून दुसरंच काम करणारं.

मूळपुरुष राल्फ बेअर, अमेरिकेतला टीव्हीचा इंजिनिअर. टीव्ही घरोघर आहे, तर केंद्र दाखवील तेवढंच का बघायचं, असं त्याला वाटलं. त्यातून सप्टेंबर १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स ओडिसी हा टीव्हीवर खेळायचा डबा बाजारात आला. इकडे लगोलग २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. ओडिसी अँटेनाच्याच जागी जोडायचा; टीव्हीच्या लेखी ते आणखी एक केंद्र. त्याला रंग नव्हते, म्हणून पडद्यावर रंगीत प्लास्टिक चिकटवायचं. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर वर निळी, खाली हिरवी काच लावून बातम्या देणाऱ्या बाईंची हनुवटी हिरवी करणाऱ्यांनी त्याला हसू नये.

कोकणात अँटेनाच्या वायरीतून फार वर्षं मुंग्याच यायच्या. एक जण कौलांवर, एक खळ्यात, एक टीव्हीपुढे. "आलं?" "आलं, आलं... गेलं!" त्या वायरीच्या जागी पहिला पाहुणा बसला तो व्हीसीआर: आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून आलेला, नाहीतर गणपतीत एका रात्रीच्या भाड्याने. आरत्या झाल्या की तीन सिनेमे, पहाटेपर्यंत. नव्वदच्या दशकात सामुरायसारखे व्हिडिओ गेम आले, निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमवर बेतलेले. कॅसेट फुंकून घालायची आणि चॅनेल जुळवत बसायचं.

खेळ आणि सिनेमाची सोयरीक पक्की झाली ४ मार्च २००० ला, जपानात. प्लेस्टेशन २ वर डीव्हीडीही चालायची, आणि तिथे बऱ्याच जणांनी तो सिनेमे बघायलाच घेतला. आईवडिलांना पटवायला याहून चांगला मुद्दा पोरांना कुठे मिळणार? जगभर पंधरा कोटींहून जास्त खपले. नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर नेटफ्लिक्स आलं तेव्हा नवीन काही जोडायचं उरलंच नव्हतं. डबा टीव्हीलाही लागलेला, इंटरनेटलाही. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ ची पाळी आली, तेव्हा गंमत झाली. सिनेमा यायचा इंटरनेटवरून, पण आधी टपालाने आलेली चकती डब्यात घालावी लागे. खेळाच्या डब्यांत नेटफ्लिक्स फक्त एक्सबॉक्सवर, असा करार होता; त्याला दिलेली ती बगल. वर्षभरात चकतीही गेली.

आपल्याकडे नेटफ्लिक्स आलं ६ जानेवारी २०१६ ला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओचं इंटरनेट. रत्नागिरीत मालिका अडते ती मात्र अजून जुन्याच कारणांनी. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे विजेचे खांबच आडवे झाले.

वैशाखात गडगडायला लागलं की पूर्वी आपण पहिली अँटेनाची वायर काढायचो. आता डब्याची पिन आणि राउटरची वायर काढा. आणि सेव्ह करून मग काढा, नाहीतर नातू बोलणार नाही.