सहा मिनिटं एकवीस सेकंद

  या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज मात्र एका स्पर्धेबद्दल बोलणार आहे, आणि तीही व्हिडिओ गेमच्या. हसू नका. माझा मुलगा हसला होता, कारण त्याचा गेम मी एकेकाळी कपाटात कुलूपबंद केला होता. आमचं पोस्टिंग तेव्हा पंजाबात होतं. बाजारातून आणलेल्या त्या पिवळ्या कॅसेटवर हजार खेळ लिहिलेले, प्रत्यक्षात फिरून फिरून तेच आठ-दहा. चालली नाही की काढायची, फुंकायची, पुन्हा खुपसायची.

तर ही गोष्ट आहे 1990 सालच्या अमेरिकेतली. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी, 1889 पासून पत्ते बनवणारी. अमेरिकेत 1983 साली व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. दुकानदार गेमचं नाव काढू देत नव्हते. 1985 साली निन्टेन्डोने आपला करडा डबा तिथे उतरवला आणि पाच वर्षांत घराघरांत नेला. मग 1990 च्या मार्चमध्ये डल्लासपासून 'निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' सुरू झाली. नाव जगाचं, फिरली फक्त अमेरिकेत. जवळपास तीस शहरं घेतली आणि डिसेंबरमध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत अंतिम फेरी झाली. गट तीन: अकरा वर्षांपर्यंतचे, बारा ते सतरा, आणि अठराच्या वरचे.

प्रत्येकाला वेळ एकच, सहा मिनिटं एकवीस सेकंद. तेवढ्यात तीन खेळ. आधी 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पन्नास नाणी गोळा करायची. ती झाली की 'रॅड रेसर'मध्ये गाडी एका ठरावीक रस्त्यावरून शेवटपर्यंत न्यायची. उरलेला सगळा वेळ 'टेट्रिस'ला. शेवटी बेरीज: मारिओचे गुण आहेत तसे, गाडीचे दहापट, टेट्रिसचे पंचवीसपट.

आता गंमत पाहा. मारिओत एका नाण्याचे 200 गुण, म्हणजे पन्नास नाण्यांचे 10,000. टेट्रिसमध्ये सुरुवातीच्या पातळीवर एक ओळ भरली तर 40 गुण. चार ओळी सुट्या सुट्या भरल्या तर 160. पण त्याच चार ओळी लांब दांडी टाकून एका झटक्यात उडवल्या तर 1200, आणि त्याचे पंचवीसपट 30,000. सुट्या ओळींचे पंचवीसपट केले तरी 4,000 च. म्हणजे मारिओत उड्या मारत हौसेने गुण वेचणारा पोरगा मागे पडणार, आणि नाणी उरकून टेट्रिसकडे धावणारा, तिथे दांडीची वाट पाहत घाम गाळणारा पुढे जाणार. ही स्पर्धा बोटांची जितकी, तितकीच नियम वाचण्याची. आमच्याकडे यालाच 'ऑर्डर नीट वाचा' म्हणतात, आणि निम्मे ऑफिसर वाचत नाहीत.

शिवाय ज्या खेळावर निकाल लागायचा, तो रशियन. अलेक्सेई पाजितनोव यांनी 1984 साली मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो रचला. त्याच्या हक्कांवरून अमेरिकेत कोर्टबाजी झाली आणि 1989 साली घरगुती यंत्रांचे हक्क निन्टेन्डोकडे आले. 1990 च्या डिसेंबरात अमेरिकन मुलं सोव्हिएत खेळावर एकमेकांना हरवत होती. सोव्हिएत संघाला तेव्हा जेमतेम एक वर्ष उरलं होतं. आमची आख्खी पिढी रशियन रणगाड्यांवर शिकलेली, म्हणून मला हे फार वेगळं वाटतं.

तिन्ही गटांचे विजेते: जेफ हॅन्सन, थॉर आकरलुंड, रॉबर्ट व्हाइटमन. प्रत्येकाला दहा हजार डॉलरचा बाँड, मोठा टीव्ही, मारिओची सोनेरी ट्रॉफी आणि एक उघड्या टपाची मोटार. अकरा वर्षांपर्यंतच्या गटातल्या मुलाला मोटार!

पण माझं मन अडकलं ते कॅसेटपाशी. ही स्पर्धा खेळायला वेगळी कार्ट्रिज बनवली होती. तिन्ही खेळ एकातच, आणि वेळ मोजायचा काउंटरही तिच्याच पाटीवर. तो प्रोसेसरचे ठोके मोजायचा. कार्ट्रिजच्या दर्शनी बाजूला बारीक खटके होते, त्यांनी वेळ ठरवायची. एकदा ठरली की संपली. वेळ भरली की खेळ आपोआप थांबायचा. पंचाच्या हातात घड्याळ नाही.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. 1989 साली फायरिंगची एक स्पर्धा होती, घड्याळ माझ्या हातात, शिट्टी माझ्या तोंडात. एका जवानाची शेवटची गोळी शिट्टीच्या आधी सुटली की नंतर, यावर वाद झाला. तो म्हणाला, "साहेब, आधी सुटली." मी म्हणालो नंतर. गोळी धरली नाही आणि त्याची टीम एका गुणाने हरली. मला खरंच माहीत होतं का? घड्याळाकडे पाहत होतो की लक्ष्याकडे, हे मला आजही सांगता येत नाही. त्याने सॅल्यूट केला आणि रायफल साफ करायला गेला. पुढे तो आणि मी एकाच युनिटमध्ये चार वर्षं होतो. त्या गोष्टीवर आम्ही एकदाही बोललो नाही.

स्पर्धा संपल्यावर अंतिम फेरीतल्या खेळाडूंना करड्या रंगाच्या नव्वद कार्ट्रिज मिळाल्या, लेबलवर प्रत्येकीचा क्रमांक. आणखी सव्वीस सोनेरी, त्या कंपनीच्या 'निन्टेन्डो पॉवर' मासिकाच्या बक्षीस योजनेत वाटल्या. तेव्हा मुलांनी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या असतील. आज संग्राहक त्यांच्यासाठी लाखो रुपये मोजतात. 2024 साली कंपनीने त्याच नावाचा नवा गेम काढला, आणि त्याच्या महागड्या संचात सोनेरी कार्ट्रिजची नक्कल घातली.

मुलाला विचारलं, तू टेट्रिस कसा खेळायचास? तो म्हणाला, "उजवीकडची एक रांग मोकळी ठेवायची, बाबा, आणि दांडीची वाट बघायची." दहा वर्षांच्या पोराला हे कळत होतं, आणि मी त्याला दहावीचं कारण सांगून सगळं कपाटात ठेवलं होतं. नंतर बदलीच्या वेळी तो डबा कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला, ते आता आठवत नाही. त्याला आठवतं.