सलाईन (शिरेवाटे द्यायची द्रावणे)

शरीरातले पाणी, क्षार आणि काही अंशी ऊर्जा भरून काढण्यासाठी रुग्णाच्या शिरेतून थेट रक्तात सोडलेली निर्जंतुक द्रावणे. बोलताना सगळ्यांनाच सरसकट ‘सलाईन’ म्हणतात. मध्य प्रदेशातील धार-देवासकडे ‘बोतल चढवली’ असेही ऐकू येते.

प्रकार : ‘नॉर्मल सलाईन’मध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असते. ‘रिंगर लॅक्टेट’ (आरएल) या द्रावणात मिठाशिवाय पोटॅशियम, कॅल्शियम व लॅक्टेट असते. लॅक्टेटचे यकृतात बायकार्बोनेट होते आणि जुलाबांमुळे रक्तात वाढलेली आम्लता उतरते. ‘डी-5’ म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोज. त्यातली साखर शरीर वापरून टाकते आणि मागे नुसते पाणी उरते. ‘डीएनएस’मध्ये साखर व मीठ दोन्ही असतात.

अशक्तपणा आला की बाटली मागणारे रुग्ण पुष्कळ. पण डी-5च्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅमच साखर असते, तिच्यातून मिळणारी ऊर्जा जेमतेम एका पोळीइतकी. फार दिवस तोंडाने अन्न घेता येत नसेल, तर अमिनो आम्ले व स्निग्ध पदार्थांची वेगळी द्रावणे द्यावी लागतात.

इतिहास : 1832च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लॅटा यांनी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत खारे पाणी सोडले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी पटकीवर तीव्र क्षारद्रावण वापरले.

मात्रा : जुलाबांनी अगदी सुकून गेलेल्या, वर्षापुढच्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार किलोमागे 100 मिलिलिटर आरएल देतात. मूल 10 किलोचे असेल तर पहिल्या अर्ध्या तासात 300 आणि पुढच्या अडीच तासांत 700 मिलिलिटर. नेहमीच्या संचातून 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. त्यामुळे अर्धा लिटर चार तासांत संपवायचे, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब पडावे लागतात.

निर्मिती : धार-देवास या पवारांच्या जुन्या संस्थानी मुलखात आज औषधांचे मोठे कारखाने आहेत : धार जिल्ह्यात पीथमपूरला सिप्ला व ल्युपिन, देवासला सन फार्मा. सलाईनचे नियम मात्र गोळ्यांपेक्षा कडक असतात. इंजेक्शनयोग्य शुद्ध पाणी वापरावे लागते आणि तापकारक द्रव्यांची चाचणी करावी लागते. राज्याच्या परवान्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांचीही मान्यता लागते.

धोके : द्रव जास्त झाले तर फुप्फुसात पाणी साठते. नुसत्या डी-5च्या भडिमाराने रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात, तर पोटॅशियम पातळ न करता शिरेत दिल्यास हृदय बंद पडते. धारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांच्या वेदनेच्या झटक्यात पाणी कमी पडू द्यायचे नसते, पण अति द्रवाने छातीचा गंभीर त्रास उद्भवू शकतो. म्हणून लघवी, नाडी व श्वास तपासत थेंबांची गती बदलतात आणि रुग्ण पिऊ लागताच ओआरएस सुरू करतात.